कुत्रं कुठं बांधायचं

बुधू दुपारी येतो म्हणाला होता. पण वत्सला विहिरीवरून पाणी घेऊन परतत होती तेव्हाच तो तिला बांधावर दिसला. डोक्यावर टोपली, हातात काठी, आणि मागे एक तांबूस म्हातारी कुत्री. कुत्रीच्या गळ्यात दोर नव्हता. बुधू थांबला की ती थांबत होती, चालला की चालत होती.

वत्सलेने घागर उंबऱ्यात ठेवली आणि आत जाऊन नवऱ्याला, राघोला सांगितलं, "आला तो."

चाळीस वर्षांत या अंगणात कुत्रं आलं नव्हतं. सासू भागीरथी येऊ देत नव्हती. तिच्या धाकट्या भावाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. पाण्याचा तांब्या पुढे केला की तो पोर ओरडायचा. ते तिने आठव्या वर्षी दाराआडून पाहिलं होतं. लग्न होऊन या घरी आल्यावर तिने नवऱ्याकडे, कुंडलिककडे एवढी एकच गोष्ट मागितली आणि कुंडलिकने ती पाळली. यंदा श्रावणात भागीरथी तापाने गेली. दिवाळीच्या आठवड्यात बिबळ्याने गोठ्यातून दोन शेळ्या उचलल्या. तेव्हा थोरला मुलगा राघो म्हणाला, कुत्रा आणू. कुंडलिकने दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आणा."

कुत्रा शेळ्यांसाठी येतोय असं त्याला वाटत होतं. वत्सलेला खरं ठाऊक होतं. उरलेल्या शेळ्या तर म्हसा गावच्या जत्रेत विकायच्या ठरल्या होत्या. राघोला कल्याणला रेल्वेत कायमची नोकरी लागली होती. लढाईच्या दिवसांत अशी नोकरी कोण सोडतो? जत्रा झाली की वत्सला आणि दोन्ही पोरं त्याच्याबरोबर जाणार होती. धाकटा गणू बायकोला घेऊन शहापूरला सासऱ्याच्या भाताच्या गिरणीवर जाणार होता. घराला कुलूप लागणार होतं. शेत शेताशेजारच्या नवसूला अर्ध्या वाट्याने दिलं होतं. आणि मामंजींनी शेतातल्या खोपीत राहायचं, नवसूची बायको लहानी दोन वेळा जेवण देईल, सोबतीला कुत्रा असेल, असं भावाभावांनी ठरवलं होतं. नवसूला सांगून झालं होतं. लहानीलाही सांगून झालं होतं. मामंजींना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"तुमी सांगा त्यांना आज," ती राघोला हळू म्हणाली.

"कुत्रा तर येऊ दे आधी," राघो म्हणाला. "सोबत दिसली म्हंजी सांगायला बरं पडेल."

*

बुधूने टोपली अंगणात उतरवली. त्यात तीन पिल्लं होती. एक काळं, एक पांढरट आणि एक ठिपक्यांचं. खाली सोडल्याबरोबर काळ्याने पांढरटाचा कान धरला. म्हातारी कुत्री आंब्याच्या सावलीत जाऊन बसली आणि तिने डोळे मिटले.

कुंडलिक ओटीवरून उतरला. भागीरथी गेल्यापासून तो उतरताना खांब धरायला लागला होता. बुधूने ते पाहिलं. दोघे एका वयाचे. बुधू डोळखांबकडच्या पाड्यावरचा. तरुणपणी भातकापणीला दरवर्षी या घरी यायचा.

"कुंडलिक, लई वाळलास रे," बुधू म्हणाला.

"तू कुठं फुगलास?"

"मी आधीपासनं असाच. माझी म्हातारी बोलते, तुला जाळायला लाकडं पन कमी लागतील."

बोलून गेल्यावर बुधूने जीभ चावली. कुंडलिक हसला नाही, रागावलाही नाही. "बस," म्हणाला. वत्सलेने बुधूला पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला.

गणू पिल्लांपाशी उकिडवा बसला. त्याला कुत्री आवडायची. लहानपणी तो शेजारच्या वाडीतल्या कुत्र्यांना चोरून भाकर घालायचा आणि घरी येऊन हात राखेने घासायचा, आईला वास येऊ नये म्हणून. आज काळं पिल्लू त्याचं बोट चोखायला लागलं तेव्हा त्याने आपसूक दाराकडे पाहिलं. दारात त्याची बायको कमळ उभी होती. आई नव्हती.

"किती नखं हायत बघ रे," राघो म्हणाला. "आसनगावला एक पोर्टर सांगत होता, वीस नखांचं कुत्रं वाघाला भीत नाय."

"मोज," बुधू म्हणाला. "मोजून झालं की वाघरू आल्यावर त्याला आकडा सांग. पळून जाईल."

गणूला हसू आलं. राघोचं तोंड लाल झालं. कमळ दाराआडून वत्सलेला म्हणाली, पण आवाज एवढा की राघोला ऐकू जावं, "वत्सलाबाय, कुठलंबी असो, लवकर ठरवा म्हनावं. भात खळ्यावर पडलाय." थोरल्या दिराशी ती समोरासमोर बोलत नसे. तिला जे सांगायचं ते जावेच्या नावाने सांगायची.

कुंडलिक मात्र पिल्लांकडे बघायला लागला होता. गणूला ती नजर ओळखीची वाटली. म्हशाच्या जत्रेत बैल बघताना बाबा असाच मान कलती करायचा. चार गावचे लोक बैल घ्यायला त्याला बरोबर न्यायचे. दात, खूर, अंगावरचे भोवरे, शेपटीची लांबी, हे सगळं बघून तो बैलाच्या पाठीवर एकदम थाप मारायचा. जो बिचकला नाही तो चांगला.

तसंच त्याने आता केलं. पिल्लांचे दात बघितले. पाठीवरचे केस उलटे करून भोवरा शोधला. छाती चाचपली. काळ्याने त्याच्या अंगठ्याला दात लावला.

"हा मारका होईल," तो म्हणाला.

पांढरट पिल्लू त्याचा हात बघून टोपलीमागे गेलं.

"हा बुजरा."

ठिपक्यांचं पिल्लू आपल्या जागी बसून होतं. दुसरी दोन्ही त्याच्या अंगावरून उड्या मारून गेली तरी ते हललं नाही. कुंडलिकने मागून जाऊन जमिनीवर काठी आपटली. काळं भुंकलं, पांढरट पळालं. ठिपक्यांचं शांत.

"हा घे," कुंडलिक म्हणाला. "थंड डोक्याचा हाय. आपल्या घरात आजवर कुत्रं नाय. पोरांना चावायला नको, कुनाला त्रास नको. गरीब पायजे."

कितीतरी महिन्यांनी बाबा एवढं सलग बोलला होता. राघोसुद्धा "बरं" म्हणाला.

बुधू उठला, पडवीतलं पातेलं आणि पळी उचलली, आणि ठिपक्यांच्या पिल्लाच्या मागे उभं राहून जोरात बडवली. गोठ्यातला बैल दचकला. आंब्याखालच्या म्हातारीने डोळे उघडले. पिल्लू पायावरची माशी बघत होतं.

"तो थंड नाय, कुंडलिक," बुधू म्हणाला. "तो बहिरा हाय."

 मग गणूला हसू आवरलं नाही, आणि त्याच्या पाठोपाठ कमळला, आणि वत्सलेनेही पदर तोंडाला लावला. कुंडलिकने काठी खांबाला टेकवून ठेवली. "बैल असता तर चाललं असतं," तो पुटपुटला. त्यालाही थोडं हसू आलं होतं. गणूला वाटलं, आता सांगावं. बाबा हसतोय तोवर सांगून टाकावं. त्याने राघोकडे पाहिलं. राघोने मान हलवून नको म्हटलं.

"मग आणलास कशाला बहिरा?" राघोने बुधूला विचारलं.

"मी दाखवायला आणतो ती सगळी आणतो. घेणारा काय बघतो ते मला बघायचं असतं." बुधूने पातेलं जागेवर ठेवलं. "आता मी इचारतो. कुत्रं कशाला पायजे?"

"राखणीला. बिबळ्या येतो."

"या पिल्लाला बिबळ्यावर भुंकायला वरीस लागेल. तोवर बिबळ्याच याला खाईल. बरं, त्याला खायला कोन घालनार?"

"घरातलं कुनीबी घालेल."

"कुनीबी घालेल म्हंजी कुनीच नाय घालनार. एक मानूस सांग. दोन्ही वेळा घरात असनारा."

राघोने वत्सलेकडे पाहिलं, वत्सलेने खाली पाहिलं.

"मी हाय ना," कुंडलिक म्हणाला. "मी कुठं जातो?"

"ठीक." बुधूने कमरेचा काथ्याचा दोर सोडला. "माझा एक नेम हाय, तुला ठाऊक असेल. कुत्रं मी पैशाला देत नाय, आनि दुसऱ्याच्या हातानं बांधून देत नाय. जिथं त्यानं जलमभर राहायचं तिथं मी सोता बांधतो, आनि मग मागं न बघता जातो. मागं बघितलं की ते माझ्यामागं येतं. सांगा, कुठं बांधायचं?"

"इथं, ओटीच्या खांबाला," कुंडलिक म्हणाला.

"शेतात, खोपीपाशी," राघो त्याच वेळी म्हणाला.

*

राघोने ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. महिनाभर तो मनात तेच घोळवत होता, ते तोंडातून निघून गेलं.

"खोपीपाशी कशाला?" कुंडलिकने विचारलं. "बिबळ्या गोठ्यात येतो."

"भात खळ्यावर हाय ना. रानडुकरं येतात."

"झोडणी आठ दिवसांत उरकेल. माघात आपन खोप मोडतो दरसाली. मग कुत्रं कुठं राहील? जलमभर राहायचं तिथं बांधनार बोलतोय तो."

राघोने नजर खळ्याकडे वळवली. कुंडलिक त्याच्याकडे बघत राहिला. बैल विकणारा काही लपवतोय असं वाटलं की तो असाच बघत राहायचा.

"खोप मोडायची नाय यंदा," शेवटी गणू म्हणाला.  "बाबा, खोप शाकारून घेऊ. भिंतींना कारवीचा कूड घालू. नवसू बाजूलाच हाय. लहानी जेवन देईल. तुमी तिथं..."

"गणू," राघो म्हणाला.

"आता काय गणू? तूच बोललास खोपीपाशी!"

"मी बोललो? घरातनं पहिला पाय तूच काढलास. सासऱ्याची गिरनी दिसली नि..."

"नि तुला कल्यान दिसलं नाय? तू थोरला. बाबाला तू न्यायचा."

"नेलेला!" राघो ओरडला. "चौदाव्यानंतर नेलेला का नाय? इचार त्यांना. आठ दिवस जेवले नाय ते. एक खोली, त्यात आमी दोघं नि पोरं. नवव्या दिवशी मी ड्यूटीवरनं आलो तर हे नाय. दोन दिवस धुंडाळले. स्टेशनात, तलावावर, पुलाखाली. मेलेला मानूस दाखवायला नेला मला पोलिसानं. नि हे पायी चालत इथं येऊन बसलेले. मग हिला नि पोरांना पन परत इथं पाठवली. मी काय करू? बांधून ठेवू त्यांना?"

कमळ दाराआडून म्हणाली, "वत्सलाबाय, आमच्या बाबांच्या घरी सासऱ्याला ठेवलं तर लोक काय बोलतील ते पन इचारा." या एका गोष्टीत ती आणि राघो कधीपासून एक झाले होते. खोपीची गोष्ट आधी तिनेच काढली होती.

 आता वत्सला नवऱ्याच्या बाजूने पुढे आली आणि त्याच्या शेजारी उभी न राहता ओटीच्या पायरीपाशी, सासऱ्याच्या बाजूला उभी राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं ती असं का करतेय. "त्यांना घरात तरी राहू द्या," ती म्हणाली. "कुलूप कशाला लावायचं? घर काय खातंय?"

"एकट्याला?" राघो म्हणाला. "गावाच्या टोकाचं घर. रात्री उठून दार उघडतात. आईला हाका मारतात. तूच सांगितलंस ना मला? पोरं घाबरतात बोललीस."

वत्सला ओशाळली. ते तिनेच सांगितलं होतं.

कुंडलिक पायरीवर बसला. आपण रात्री हाका मारतो हे त्याला ठाऊक नव्हतं. दार उघडल्याचं आठवत होतं. बाहेर चांदणं असायचं, खळ्यावर कोणी नसायचं, मग तो परत आडवा व्हायचा. हाक मारल्याचं आठवत नव्हतं. पोरं घाबरतात. दोन्ही नातवंडं पंधरा दिवसांपासून त्याच्याजवळ झोपायला का येत नाहीत ते त्याला आता कळलं.

त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. बायको गेल्यापासून त्याला कुठल्याच गोष्टीचा पुरता राग येत नव्हता. त्याला फक्त एवढंच वाटलं की ती असती तर हे चुलीपाशी बोललं गेलं असतं, अंगणात, परक्या माणसासमोर बोललं गेलं नसतं.

"लहानीला सांगितलंय?" त्याने विचारलं.

"हां," गणू म्हणाला.

"म्हनून ती परवा इचारत होती, काका, तुमाला तिखट चालतं का. मी बोललो, ही वेडी झाली."

बुधू दोर हातात धरून उभा होता. मध्ये बोलायचं नाही म्हणून तो पिल्लं टोपलीत भरायला लागला. काळं भरलं, पांढरट भरलं, बहिरं भरलं.

"न्यायला लागलास?" कुंडलिक म्हणाला.

"पिल्लू तुला देत नाय."

"का? मी चावून खातो काय?"

बुधू त्याच्यासमोर उकिडवा बसला. "कुंडलिक, राग मानू नको. पिल्लू बारा वर्सं जगतं. तू किती जगशील?"

राघो पुढे झाला. "काय बोलतोस रे!"

"त्याला बोलू दे," कुंडलिक म्हणाला.

"तू गेलास की ते तुझ्या दारात बसेल. घराला कुलूप. पोरं गावाला. मी बघितलंय तसं. दार सोडत नाय, खात नाय, लोकं दगड मारतात." बुधूने आंब्याखाली बोट दाखवलं. "ती खैरी बघ. नऊ वर्सांची झाली. अजून तीन-चार वर्सं काढेल. कान शाबूत हायत, आवाज मोठा हाय. बिबळ्याच्या अंगावर धावनार नाय, पन तो यायच्या आधी तुला उठवेल. शिकवायला काय नको. कुत्रं कधी न ठेवलेल्या मानसाला असं शिकलेलं बरं. नि तुझं नि तिचं वय जुळतं."

"तुझी सोबतीची हाय ना ती? का देतोस?"

"घरात तीन तरनी कुत्री झालीत. तिला खाऊ देत नायत. मी हाकलतो, मी रानात गेलो की पुन्हा तेच." बुधूने खांदे उडवले. "माझी आवडती हाय. म्हनूनच देतो."

 खैरी उठली, अंग ताणलं, आणि दुसऱ्या कुशीवर बसली.

चार वर्षं. कुंडलिकने मनाशी धरून बघितली. जास्त वाटली नाहीत, कमीही वाटली नाहीत. चार भातं, चार जत्रा. त्याने पोरांकडे बघितलं. राघोच्या धिप्पाड अंगात आज जीव नव्हता. गणू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. वाईट पोरं नव्हती ती. आईने त्यांना जे शिकवायचं ते शिकवलं होतं, पण बापाचं काय करायचं ते शिकवायला ती थांबली नव्हती.

"ओटीच्या खांबाला बांध," तो बुधूला म्हणाला.

"बाबा," राघो म्हणाला.

"तू कल्यानला जा. गणू, तू शहापूरला जा. नोकरी सोडून माझ्याकडे बघत बसलात तर मला जेवन जायचं नाय. शेत नवसूला दिलंत ते बरं केलंत, माझ्यानं होत नाय आता. पन घराला कुलूप लावायचं नाय. मी हाय घरात."

"नि जेवन?" वत्सलेने विचारलं. "लहानी एवढ्या लांब दोन वेळा..."

"लहानी नको."

  राघो ओटीवर गेला, खांबाला टेकवलेली काठी बाजूला केली आणि दोर बांधायला जागा करून दिली. बुधूने दोर खांबाला आणि मग खैरीच्या गळ्यात बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली. कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला नाही. टोपली उचलली, बांधाकडे वळला आणि चालू लागला. खैरी दोर ताणून उभी राहिली. तो आंब्यापलीकडे गेला तेव्हा ती एकदाच ओरडली. बुधूने मागे बघितलं नाही. गणूने बघितलं की म्हातारा डाव्या हाताने डोळे पुसत चाललाय.

*

दिवेलागणीच्या आधी वत्सला चूल पेटवत होती तेव्हा कुंडलिक स्वयंपाकघरात आला. तो तिथे कधी येत नसे. ती पदर सावरून उठायला लागली.

"बस," तो म्हणाला. "तुमी जत्रा झाली की जानार?"

"हां, मामंजी."

"म्हंजी अजून तीन आठवडे हायत." तो चुलीसमोर मांडी घालून बसला. गुडघा वाजला. "भाकर कशी करायची ते दाखव."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने परात ओढली, तांदळाचं पीठ काढलं. "पानी उकळून घ्यायचं. गार पान्यात भाकर फाटते."

"पीठ किती?"

"तुमच्या मुठीनं दोन मुठी. एका भाकरीला."

"कुत्रीची पन धर."

"मग चार."

त्याने पीठ घेतलं. पाणी ओतताना हात भाजला. पीठ आधी सैल झालं, मग घट्ट झालं. वत्सला हात पुढे करत होती आणि मागे घेत होती. थापताना भाकर एका बाजूला जाड झाली आणि उचलताना मधोमध फाटली. त्याने ती तशीच तव्यावर टाकली. काम न करणाऱ्या बैलाकडे बघावं तसं तो त्या भाकरीकडे बघत होता.

बाहेर खैरी दोराला ओढ देत होती. ओटीवर दोघे भाऊ बसले होते. कमळ त्यांना चहा देऊन गेली.

दुसऱ्या भाकरीचं पीठ त्याने परातीत घेतलं आणि थांबला.

"मीठ घालतात काय गो यात?"

"काही घालतात. काही नाय."

"ती घालायची?"

 वत्सलेला वाटलं तो आठवून बघतोय, आठवेल. पण तो तिच्याकडे बघत होता, खरंच विचारत होता. चाळीस वर्षं दोन वेळा त्याने भागीरथीच्या हातची भाकर खाल्ली होती.

"घालायच्या," ती म्हणाली. "एवढंसं."

"किती ते दाखव," कुंडलिक म्हणाला, आणि हात पुढे केला.